अकरावीच्या फिजिक्सला बसण्याआधी: तयारीची यादी

दहावीचा निकाल लागला, सायन्सला प्रवेश मिळाला, की फोंडा असो, म्हापसा असो की डिचोली, घरात पहिली चर्चा होते ती क्लास कुठला लावायचा याची. क्लास लावा किंवा लावू नका, पण त्याआधी करायच्या काही गोष्टी आहेत आणि त्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. दहावीपर्यंत फिजिक्स म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातली काही प्रकरणं होती. व्याख्या यायची, सूत्र यायचं, सूत्रात आकडे घातले की उत्तर. अकरावीत एनसीईआरटीच्या पुस्तकाचे दोन भाग हातात पडतात, त्यात चौदा प्रकरणं असतात, बारावीला आणखी चौदा. खरा फरक पानांचा नाही. इथे कुठलं सूत्र लावायचं हे प्रश्न सांगत नाही, ते तुम्ही ठरवायचं असतं. दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं पहिल्या चाचणीत गडबडतात ती याच जागी. हुशारी कमी पडत नाही, सवय नसते.

सुरुवात गणितापासून करा. इथे एक अडचण आहे जी पालकांना माहीत नसते. फिजिक्सच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच सरळ रेषेतल्या गतीसाठी डेरिव्हेटिव्ह लागतो, पण गणिताच्या पुस्तकात तो अकरावीच्या शेवटाकडे येतो. इंटिग्रेशन आणि व्हेक्टर (किंमत आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी) तर गणितात बारावीला शिकवतात, फिजिक्सला मात्र दोन्ही अकरावीतच हवे असतात. म्हणजे गणिताच्या शिक्षकांवर अवलंबून राहिलात तर वर्षभर मागेच राहाल. बायोलॉजी घेऊन गणित सोडणाऱ्यांची अडचण दुप्पट, कारण त्यांना हे शिकवायला पुढेही कोणी येणार नाही. सुट्टीतले पंधरा दिवस रोज एक तास यासाठी काढा. घातांक, साइन, कॉस, लॉग आणि एक्स्पोनेन्शियल यांचे डेरिव्हेटिव्ह पाठ नव्हे, हात बसेपर्यंत करा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा त्या बिंदूपाशी असलेला चढ, आणि इंटिग्रेशन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, एवढं चित्र डोळ्यांसमोर पक्कं असलं की अर्धी भीती जाते. सिद्धता नंतर येतील.

त्याच पंधरवड्यात त्रिकोणमिती घासून घ्या. ३०, ४५, ६० अंशांच्या किमती तर याव्याच, शिवाय ३७ आणि ५३ अंशांच्याही याव्यात, कारण तीन-चार-पाचचा त्रिकोण प्रश्नांत सतत येतो: ३७ अंशांचा साइन जवळपास ०.६, कॉस ०.८. दहाच्या घातांचे गुणाकार-भागाकार कागदावर करायची सवय लावा. पृथ्वीची त्रिज्या ६.४ गुणिले दहाचा सहावा घात मीटर, तिचा वर्ग करताना घात बारा होतो हे विसरून उत्तर दहा लाख पट चुकतं. जेईई आणि नीट या दोन्ही परीक्षांत कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत, म्हणून घरी अभ्यासातही तो दूर ठेवा. प्रॅक्टिकलचं गणित तपासायला वापरा, तेवढाच.

व्हेक्टर समजून घ्यायला मांडवी नदीतून रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसारखं उदाहरण नाही. समजा नदीची रुंदी ६०० मीटर, बोटीचा पाण्यातला वेग सेकंदाला ३ मीटर आणि प्रवाह सेकंदाला १ मीटर. बोटीचं तोंड सरळ समोरच्या काठाकडे ठेवलं, तर २०० सेकंदांत ती पलीकडे पोचेल खरी, पण धक्क्यापासून २०० मीटर खाली. नेमकं धक्क्यावर लागायचं तर तोंड प्रवाहाच्या विरुद्ध सुमारे साडेएकोणीस अंश वळवावं लागतं. मग पलीकडे जाण्याचा वेग २.८३ उरतो आणि वेळ लागतो सुमारे २१२ सेकंद. हे दोन त्रिकोण स्वतः काढा. भरतीला मांडवीचं पाणी उलट आत शिरतं, तेव्हा तोंड कुठल्या बाजूला वळवायचं तेही काढा. पुढच्या वेळी फेरीत उभे असाल तेव्हा समोरच्या धक्क्याकडे आणि बोटीच्या नाकाकडे एकाच वेळी बघा. सापेक्ष वेगाची गणितं यानंतर कठीण वाटत नाहीत.

शब्दांचंही एक आहे. आपली बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून करून पुढे इंग्रजीत गेलेली असतात. घरात ताकद, जोर, शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, फिजिक्समध्ये बल वेगळं, कार्य वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी. आपण ‘वजन पन्नास किलो’ म्हणतो, पण ते वस्तुमान आहे, वजन ४९० न्यूटन. चाल आणि वेग यांतला फरक दिशेचा. वहीच्या शेवटच्या पानावर मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि एकक असे तीन रकाने आखा आणि प्रत्येक प्रकरणानंतर भरत जा. मराठीत विचार करून इंग्रजीत उत्तर लिहिण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त दोन्हीकडचा शब्द नेमका हवा.

अकरावीतलं सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण गतीच्या नियमांचं. न्यूटनचे तीन नियम दहावीआधीच पाठ झालेले असतात, म्हणून मुलं ते सोपं समजतात. एक प्रश्न घ्या. घर्षण नसलेल्या टेबलावर २ किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी कडेच्या कप्पीवरून खाली आणि तिच्या टोकाला १ किलोचा ठोकळा लोंबता. दोरीतला ताण किती? पटकन येणारं उत्तर म्हणजे ९.८ न्यूटन, लोंबत्या ठोकळ्याच्या वजनाएवढा. पण ताण तेवढा असता तर लोंबत्या ठोकळ्यावरची दोन्ही बलं समान झाली असती आणि तो खाली वेग घेत गेलाच नसता. प्रत्येक ठोकळा वेगळा काढा, त्याच्यावर बाहेरून लागणारी बलं तेवढीच बाणांनी दाखवा, त्वरणाचा बाण शेजारी निराळा काढा. वरच्या ठोकळ्यासाठी ताण बरोबर २ गुणिले त्वरण, खालच्यासाठी ९.८ वजा ताण बरोबर १ गुणिले त्वरण. त्वरण येतं ३.२७, ताण ६.५३ न्यूटन. असे फ्री बॉडी डायग्रॅम निदान पन्नास काढा, मोठे, पेन्सिलने, पट्टी घेऊन. ठोकळ्याने टेबलावर लावलेलं बल ठोकळ्याच्याच चित्रात दाखवणं ही नेहमीची चूक. चित्र चुकलं की पुढचं बीजगणित कितीही शुद्ध असलं तरी व्यर्थ.

पुढे घूर्णन गतीचं प्रकरण बहुतेकांना जड जातं, आणि त्याचं कारण बहुधा मागेच असतं: संवेग आणि ऊर्जा कच्चे राहिलेले असतात. तिथे अडलात तर दोन प्रकरणं मागे या. उष्णता, वायूंचा गतिज सिद्धांत, आंदोलनं, लहरी ही प्रकरणं वर्षाच्या शेवटी घाईत होतात, त्यामुळे ती स्वतः वाचायची मनाची तयारी ठेवा. वेळेचं म्हणाल तर वर्गात शिकवलं त्याच दिवशी पाऊण-एक तास, आणि रविवारी अडीच तासांची एकच अखंड बैठक, हे पुरतं. उदाहरणाचं उत्तर झाकून ठेवा, वीस मिनिटं स्वतः झुंजा, मगच बघा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत पाहुणे, आरत्या, भजनं यांत अभ्यासाची लय तुटते आणि परत आल्यावर शिक्षक पुढच्या प्रकरणात असतात. म्हणून मागचा बॅकलॉग सुट्टीत काढू असं धरून चालू नका, चवथीच्या आदल्या आठवड्यात काढा.

बारावीला विषयाचा रंग बदलतो. वीज आणि चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही, तिथे चिन्हं आणि दिशा सांभाळणं हेच अर्धं काम. उजव्या हाताचा नियम लावताना पेन उजव्या हातात असतं, म्हणून मुलं नकळत डावा हात वापरतात आणि बलाची दिशा नेमकी उलट येते. पेन खाली ठेवायचं, मग हात उचलायचा. भिंगात तसंच. नाभीय अंतर १५ सें.मी. असलेल्या बहिर्गोल भिंगासमोर २० सें.मी.वर वस्तू ठेवली तर प्रतिमा ६० सें.मी.वर मिळते. वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह विसरलात तर ८.५७ येतं, जे नाभीय अंतरापेक्षाही कमी आहे. खऱ्या वस्तूची खरी प्रतिमा बहिर्गोल भिंगाच्या नाभीच्या आत पडूच शकत नाही, एवढं ध्यानात असेल तर चूक तिथल्या तिथे पकडता येते. आधुनिक भौतिकी छोटी आणि गुण देणारी. प्रकाशाच्या कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं: ६२० नॅनोमीटरला २ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ही एक संख्या पाठ करण्याजोगी आहे.

प्रॅक्टिकलकडे मात्र आधीपासून नीट बघा, जर्नल कोणाचं तरी उतरवून काढायची गोष्ट नाही ती. लॅबला जाताना आलेखाचा कागद, ३० सें.मी.ची पारदर्शक पट्टी, टोकदार पेन्सिल आणि स्वच्छ जुनं सुती फडकं न्या. व्हर्नियर किंवा स्क्रू गेज ही बारीक लांबी मोजायची साधनं हातात आल्यावर पहिलं काम झिरो एरर बघणं, म्हणजे जबडे मिटल्यावर शून्याऐवजी किती दिसतं ते. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ सें.मी., शंभर भागांच्या आणि १ मि.मी. पिचच्या स्क्रू गेजचा ०.०१ मि.मी. झिरो एरर धन असेल तर वजा करायचा, ऋण असेल तर मिळवायचा. स्क्रू एकाच दिशेने फिरवत आणा, मागेपुढे केलात तर आट्यांतली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते.

साध्या लंबकात सगळ्यांत जास्त चुका मोजण्यात होतात. लांबी बरोबर एक मीटर असेल तर एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांचं. वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले तर गुरुत्व त्वरण ९.८२ येतं. पण स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘एक’ म्हटलं, तर विसाव्या मोजणीला प्रत्यक्षात एकोणीस आंदोलनं झालेली असतात, वेळ ३८.१ सेकंद भरतो आणि उत्तर निघतं १०.८८. सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. मोजणी गोळ्याच्या मधल्या जागेवरून जाण्यावर करा, टोकावर नको, कारण टोकाशी गोळा रेंगाळतो आणि क्षण नेमका पकडता येत नाही. लांबी दोरी अडकवलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरा. झोका लहान ठेवा, दहा अंशांच्या आत. वीस आंदोलनं का घ्यायची, हे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात: हाताची चूक ०.२ सेकंदांची धरली तर एका आंदोलनात ती दहा टक्के होते, चाळीस सेकंदांत अर्धा टक्का.

मीटर ब्रिजवर (एक मीटर तारेवरून अज्ञात रोध काढायचं साधन) शून्य बिंदू, म्हणजे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर राहतो ती जागा, ३० ते ७० सें.मी.च्या मध्ये येईल असा रेझिस्टन्स बॉक्समधून रोध निवडा. एक मि.मी. वाचायला चुकलं तर ५० वर रोधात ०.४ टक्के फरक पडतो, १० सें.मी.वर १.१ टक्के. जॉकी (तारेला टेकवायची धातूची टोकदार दांडी) तारेवर घासत नेऊ नका, उचलून टेकवा, घासल्याने तार जागोजागी बारीक होते आणि पुढच्या बॅचचंही रीडिंग बिघडतं. काटा दोन्ही टोकांना एकाच बाजूला जात असेल तर जोडणी चुकली आहे किंवा कुठेतरी तुटली आहे, रीडिंग शोधत बसू नका. पावसाळ्यात आपल्याकडे तारांच्या टोकांवर हिरवट थर बसतो, तो सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, बॉक्सच्या खुंट्या दाबून फिरवायच्या. याच दमट हवेमुळे कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्यासारखे स्थिर विजेचे प्रयोग जुलैत फसतात, कारण पृष्ठभागावर बसलेली ओल विद्युतभार वाहून नेते. ते डिसेंबरात करून बघा, तेव्हा नीट होतात.

रीडिंग पेनने थेट जर्नलच्या कच्च्या वहीत लिहा. चुकलं तर एका रेषेने खोडा, खालचा आकडा दिसू द्या. डायोडच्या प्रयोगात फॉरवर्डला मिलिॲमीटर आणि रिव्हर्सला मायक्रोॲमीटर लागतो. मायक्रोॲमीटर चुकून फॉरवर्डला जोडला गेला तर काटा जोरात शेवटाला आपटतो आणि वाकतो. म्हणून जोडणी झाल्यावर, प्रवाह सुरू करणारी की (कळ) लावण्याआधी ती शिक्षकांना दाखवायची, बारावीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत, दर वेळी.