नॉमिकमध्ये क्लबचा नियम कसा लिहायचा (आणि कुठे माती होते)

नॉमिक म्हणजे पीटर सूबरने काढलेला गेम, १९८२ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमुळे सगळीकडे माहीत झाला. पाळी आली की गेमचाच एखादा नियम बदलायचा प्रस्ताव टाकायचा, मतदान घ्यायचं, मग फासा टाकून पॉइंट घ्यायचे, जो आधी १०० करेल तो जिंकला. सुरुवातीचे २९ नियम (१०० च्या घरातले क्रमांक 'पक्के', म्हणजे आधी साधे केल्याशिवाय न बदलता येणारे, आणि २०० च्या घरातले 'साधे', म्हणजे बदलता येणारे) आणि चार-पाच माणसं जमवलीत असं धरून चालतो.

क्लब, म्हणजे खेळाडूंचा गट, कशासाठी? नियम २१० सांगतो की समोरासमोर खेळताना पुढच्या नियमांबद्दल फक्त टीममेटशीच बोलता येतं, पण टीम म्हणजे काय हे २९ पैकी एकाही नियमात नाही. ती जागा आपण भरायची.

प्रस्ताव पहिल्या दोन फेऱ्यांतच टाका. तेव्हा एकमत लागतं, त्यामुळे सगळे नीट वाचतात आणि भोकं तिथेच सापडतात. नंतर बहुमत पुरतं, पण पास झालेल्या प्रस्तावाच्या विरोधात मत देणाऱ्याला १० पॉइंट मिळतात, मग चांगल्या नियमालाही लोक मुद्दाम 'नाही' म्हणतात. आणि सगळं एकाच नियमात बसवा, बदलता येणारे नियम २५ च्या वर जाऊ शकत नाहीत आणि १३ तर सुरुवातीलाच असतात.

आता खरी अडचण. बरेच जण सांगतात, "क्लबला सरळ खेळाडू माना, बाकीचे नियम आपोआप लागू होतील." अजिबात ऐकू नका! मी ऐकलं होतं आणि आमचा चांगला रंगलेला गेम तिथेच मेला. झालं काय, नियम १०५ म्हणतो प्रत्येक खेळाडू मतदार आहे आणि प्रत्येक मतदाराने प्रत्येक मतदानात भाग घेतलाच पाहिजे. क्लब खेळाडू झाला की त्याला मत आलं. दोघांनी मिळून तीन वेगवेगळ्या नावांचे क्लब काढले, दोन माणसांची पाच मतं झाली, आणि क्लब स्वतःच खेळाडू म्हटल्यावर क्लबांचाही क्लब निघू शकतो, त्याला अंत नाही. मग त्या दोघांचंच एका प्रस्तावावर बिनसलं, क्लबचं मत काय ते ठरेना, मत पडेना, आणि मत सक्तीचं असल्याने मतदान संपेचना.

मी तेव्हा घाईघाईत सुचवलं की "क्लबला मत नाही" असं जोडूया. तेही चालत नाही! १०५ हा पक्का नियम आहे, आपला नियम साधा, आणि ११० नुसार दोघांत भांडण झालं तर पक्काच जिंकतो. १०५ ला साधा करायचा तर पुन्हा सगळ्यांचं एकमत, म्हणजे त्या क्लबांचंही. म्हणून 'खेळाडू' हा शब्द क्लबला चिकटू द्यायचाच नाही. अगोरा या १९९३ पासून चालू असलेल्या ऑनलाइन नॉमिकमध्ये एके काळी भागीदाऱ्यांना खेळाडू म्हणून नोंदवता यायचं हे खरं आहे, पण तिथे त्यासाठी वेगळे नियम आणि नोंदी ठेवणारे पदाधिकारी असतात, घरच्या पाच जणांना ते झेपत नाही.

मी आता हा मजकूर वापरतो:

"क्लब म्हणजे किमान दोन खेळाडूंनी नाव देऊन सर्वांसमोर जाहीर केलेला गट. क्लब हा खेळाडू नाही. एका वेळी एका खेळाडूला एकाच क्लबात राहता येईल. आत येण्यासाठी सर्व सभासदांची संमती लागेल, बाहेर पडण्यासाठी कोणाचीही नाही. सभासद एकच उरला तर क्लब संपेल. एका क्लबचे सभासद नियम २१० आणि २१२ साठी टीममेट आहेत."

शेवटच्या वाक्यात २१२ विसरू नका. तो जजचा (नियमांवरून वाद झाला तर निकाल देणाऱ्या खेळाडूचा) नियम आहे, टीममेटची पाळी चालू असताना जज होता येत नाही, त्यामुळे आपल्याच क्लबच्या माणसाने आपल्या बाजूने निकाल देण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

पॉइंट क्लबच्या नावावर ठेवू नका. १०० करून जिंकतो तो खेळाडू, क्लबच्या डब्यातले पॉइंट कोणालाच जिंकवत नाहीत. बक्षीस द्यायचंच असेल तर सभासदांत सारखं वाटा आणि उरलेला अपूर्णांक सोडून द्या, हेही त्याच नियमात लिहा.

कोण कुठल्या क्लबात आहे ते एका कागदावर, मतदानाच्या आधी.