मोटारीत शोभेचे दिवे आणि छोटे पंखे: सुरक्षित वायरिंग कसे करावे

चवथीच्या आधी म्हापशाच्या बाजारात दिव्यांच्या माळा लटकू लागल्या की मोटारीतही थोडी रोषणाई करावी असे अनेकांना वाटते, आणि मे महिन्याच्या उन्हात चोडणच्या फेरीबोटीसाठी इंजिन बंद करून रांगेत थांबलेल्याला एखादा छोटा पंखा हवासा वाटतो. दोन्ही कामे घरी करता येतात, परंतु बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर फ्यूज नसेल तर ती करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फोंड्यातील एका परिचिताच्या मोटारीत गालिच्याखालची चिकटपट्टीने गुंडाळलेली जोडणी उष्णतेने सुटली, उघडी तार पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूजच नसल्यामुळे वायरचे आवरण सीटखालपर्यंत जळत गेले.

प्रथम विजेचा हिशेब करावा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. मीटरला 4.8 वॅटची एलईडी पट्टी 3 मीटर लावल्यास 14.4 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 1.2 अँपिअर होतात, 12 वॅटचे दोन पंखे प्रत्येकी 1 अँपिअर घेतात, एकूण 3.2. इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या वर जाते आणि पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा जास्त वीज ओढते, म्हणून मुख्य वायरीसाठी 5 अँपिअरचा फ्यूज आणि 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची, अनेक तारांची लवचिक वायर घ्यावी. घरातल्या 230 व्होल्टच्या माळा इन्व्हर्टर लावून मोटारीत वापरू नयेत.

फ्यूज दिव्याचे किंवा पंख्याचे नव्हे, वायरचे रक्षण करतो, ही गोष्ट नीट समजून घ्यावी. म्हणूनच तो बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. तो डॅशबोर्डखाली बसवल्यास बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या रक्षणाविना राहते. एलईडी पट्टीला कारखान्यातूनच जोडून येणाऱ्या वायरी इतक्या बारीक असतात की 5 अँपिअरचा फ्यूज उडण्याआधी त्या तापू शकतात, त्यामुळे दिव्यांच्या शाखेवर 2 अँपिअरचा वेगळा फ्यूज असावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा लावू नये, चांदीचा कागद तर कधीच गुंडाळू नये. दोष कुठे आहे तो शोधावा.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि सर्वात शेवटी लावावे. दिवे रात्रभर चालू राहून सकाळी गाडी सुरू न होण्याची पाळी येऊ नये म्हणून रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, वापरावा: 30 क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, 87 ला दिवे व पंखे, 86 ला चावी फिरवल्यावरच वीज मिळणारी वायर आणि 85 ला गाडीचा पत्रा. चावीवर चालणारी वीज मूळ वायर कापून घेऊ नये. फ्यूजबॉक्समध्ये फ्यूजच्या जागी बसून वेगळी शाखा देणारा फ्यूज टॅप वापरून घ्यावी. दिवे आणि पंखे यांना स्वतंत्र स्विच द्यावेत.

वायर ओढताना इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यातून रबरी ग्रॉमेट (कडेवर बसणारे कडे) असलेल्या छिद्रातूनच आणावी, कारण पत्र्याची कड कंपनाने आवरण कापते. पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, तर हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत नारिंगी वायरी उच्च दाबाच्या. दोन्हींना हात लावू नये. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग जिथे असतात, त्या खिडकीलगतच्या खांबांवरून वायर नेऊ नये आणि स्टिअरिंग, पेडल व सीटचा रूळ यांपासून ती दूर बांधावी.

गोव्यात खरा शत्रू दमट, खारी हवा आहे. उघडे तांबे इथे लवकर हिरवे पडते, जोडणीचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि नेमकी तीच जागा तापते. तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळणे म्हणूनच टाळावे. योग्य मापाचा लग, म्हणजे वायरच्या टोकावर बसणारा धातूचा तुकडा, क्रिम्पिंग पक्कडीने दाबावा, आत गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी त्यावर तापवून बसवावी. पत्र्याला अर्थिंग, म्हणजे ऋण बाजूची जोडणी, देताना रंग खरवडून चकचकीत धातू काढावा, बोल्ट घट्ट करावा आणि मग वर ग्रीस लावावे. कनेक्टरच्या आधी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते. एलईडी पट्टी कापायची असल्यास खुणेवरच कापावी आणि कापलेले टोक बंद करावे.

दिवे पायाशी आणि सीटखाली लावावेत, चालकाच्या डोळ्यांत किंवा समोरच्या काचेत प्रतिबिंब पडेल असे नव्हे. गाडीच्या समोर लाल प्रकाश दाखवण्यास 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. पंख्याला जाळी असावी आणि तो एअरबॅगच्या झाकणावर बसवू नये.

शेवटी बॅटरी जोडून सर्व काही अर्धा तास चालवावे आणि फ्यूज, रिले व प्रत्येक जोडणीवर हात ठेवून पाहावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तिथली जोडणी पुन्हा करावी. जळका वास आला तर लगेच चावी बंद करून सर्वांनी उतरावे, शक्य असल्यास ऋण टोक सोडवावे आणि धूर थांबत नसेल तर 101 वर अग्निशमन दलाला कळवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर गालिचा उचलून सगळ्या जोडण्या पुन्हा एकदा तपासाव्यात.