कमांड फसली की शेल स्क्रिप्ट तिथेच कशी थांबवावी

(कमांडी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

शेल स्क्रिप्ट म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडींची फाइल, आणि ती चालवणारा प्रोग्राम म्हणजे बॅश. एखादी कमांड फसली तरी बॅश खालची ओळ चालवतोच. फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी'ला फोल्डर सापडला नाही आणि पुढच्याच ओळीत सगळं पुसणारी 'आरएम -आरएफ *' असेल, तर भलत्याच फोल्डरमधल्या फायली उडतात. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहा:

सेट -ई

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. 0 म्हणजे काम झालं, 1 ते 255 म्हणजे नाही झालं. 127 आला तर कमांडच सापडलेली नाही. सेट -ई असेल तर 0 सोडून दुसरा आकडा आल्याबरोबर स्क्रिप्ट संपते.

पण नेहमीच नाही, आणि घात इथेच होतो. 'इफ' किंवा 'व्हाइल'च्या अटीत, && (आधीची जमली तरच पुढची) आणि || (आधीची फसली तरच पुढची) यांच्या डावीकडे, ! (निकाल उलटा करणारं चिन्ह) लावलेल्या कमांडीवर हा नियम लागत नाही. तुम्ही 'इफ बॅकअप' असं लिहून स्वतःचं फंक्शन बोलावलंत, तर त्या फंक्शनच्या आतली प्रत्येक चूक दुर्लक्षित राहते. आत पुन्हा सेट -ई लिहिलं तरीही! अशा फंक्शनमध्ये महत्त्वाच्या कमांडीपुढे '|| रिटर्न 1' हातानेच जोडा.

मग पाइपकडे, म्हणजे एका कमांडीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या | चिन्हाकडे वळा. 'मायएसक्यूएलडंप … | जीझिप' (डेटाबेसची प्रत काढून ती आकुंचित करणं) यात डंप फसला तरी जीझिप 0 देते. रिकामी झिप तयार होते, आणि बॅकअप झाला असं समजून आपण निवांत राहतो. उपाय एका ओळीचा, त्याने पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी पूर्ण पाइप फसला असं धरलं जातं:

सेट -ओ पाइपफेल

उलटा त्रासही होतो. मजकुरात शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप'ला शब्द सापडला नाही की ती 1 देते, खरी चूक झाली तर 2. नुसतं न सापडणं ही चूक नसेल तर ग्रेप 'इफ'च्या अटीत ठेवा, पण तिथे 2 आला तरी स्क्रिप्ट थांबत नाही, म्हणून 'एल्स'च्या पहिल्याच ओळीत $? (आधीच्या कमांडीचा आकडा) 1 पेक्षा मोठा आहे का ते बघा. बरेच जण '|| ट्रू' ('ट्रू' नेहमी 0 देते) लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण त्यात 2 सुद्धा गिळला जातो.

'लोकल' फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवते. 'लोकल नाव=$(कमांड)' हेही टाळा. लोकल स्वतःचा 0 देते आणि आतलं अपयश झाकलं जातं. आधी लोकल, खालच्या ओळीत किंमत.

तात्पुरत्या फायली पुसण्यासाठी 'ट्रॅप आवराआवर एक्झिट' लिहा. स्क्रिप्ट नीट संपो वा मध्येच थांबो, आवराआवर हे फंक्शन चालतं. यातलं 'एक्झिट' तेवढं मोठ्या अक्षरांत.

शेवटी मुद्दाम मध्ये एक 'फॉल्स' (नेहमी फसणारी, 1 देणारी कमांड) ही ओळ टाकून स्क्रिप्ट चालवा आणि लगेच 'एको $?' करा. 1 दिसला पाहिजे. 0 दिसला, तर 'फॉल्स' एकेक फंक्शनमध्ये हलवत न्या. कुठे दुर्लक्ष होतंय ते सापडेल.