भोपळ्यातली म्हातारी स्वेटरवर: नमुना आखण्यापासून फोटोपर्यंत

लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेवरचा वाघ आणि परतीचा भोपळा ही गोष्ट घरातल्या लहान मुलाला सांगावी लागत नाही, ती पाठच असते. म्हणूनच विणकामाचा नमुना आखायला ती चांगली. पण सगळी गोष्ट स्वेटरच्या छातीवर बसवायला गेलात तर जंगल, वाघ, लांडगा, म्हातारी यांची गर्दी होते आणि चार हातांवरून काहीच ओळखू येत नाही. गोष्टीतली एकच वस्तू घ्या. इथे ती भोपळा.

आणि भोपळा आपलाच हवा. परदेशी चित्रांतला भडक केशरी भोपळा आपल्या मंडईत दिसत नाही. साताऱ्याच्या किंवा वाईच्या बाजारात तांबडा भोपळा उचलून बघा: साल हिरवट, मातकट पिवळी, उभ्या फुगीर फाकींची, केशरी असतो तो आतला गर. नमुन्यातही तसंच ठेवायचं. बाहेरून गडद हळदी रंग, त्यावर हिरव्या उभ्या रेषा आणि भोपळ्यातच ठेवलेल्या खिशाचं अस्तर केशरी. मुलानं खिसा उघडला की गर दिसतो आणि आतून म्हातारीची विणलेली बाहुली निघते.

नमुना विकायचा किंवा छापायचा असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करा. लोककथा कुणा एकाची नसते, पण पुस्तकात कुणीतरी काढलेलं म्हातारीचं चित्र त्या चित्रकाराचं असतं. आपल्या कायद्यानुसार लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हा हक्क राहतो. पाचगणीजवळच्या भिलारला, जिथे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, बसून जुनी-नवी बालपुस्तकं जरूर चाळा. मात्र आलेखावर उतरवताना समोर पुस्तक नको, भोपळा ठेवा.

आता माप. ३ ते ४ वर्षांच्या, छाती ५६ सेंमी असलेल्या मुलासाठी हा नमुना आहे. मध्यम जाडीची, ४ मिमी सुयांवर विणायची लोकर घ्या: गडद हिरवी २५० ग्रॅम, हळदी आणि केशरी २५-२५ ग्रॅम, बाहुलीसाठी लाल, पांढऱ्या, गव्हाळ आणि पोपटी रंगांची उरलेली टोकं. सुया ८ नंबर आणि १० नंबर. इथे हमखास घोटाळा होतो. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या सुयांवर जुने ब्रिटिश क्रमांक असतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकी पद्धतीत ८ म्हणजे ५ मिमी. म्हणून नमुन्यात नुसता नंबर कधीच लिहू नका, सोबत मिलिमीटर द्या.

८ नंबरच्या सुयांवर १५ सेंमीचा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मधल्या १० सेंमीत टाके मोजा. २२ टाके आणि ३० ओळी यायला हव्यात. कडेपासून मोजू नका, कडा आत वळलेल्या असतात. २२ च्या जागी २४ टाके आले तर पुढच्या भागाचे ७१ टाके ३२.३ सेंमीऐवजी २९.६ सेंमीच भरतात. पाठ-पोट मिळून स्वेटर ५ सेंमीनं आखडतो आणि आतल्या सदऱ्यावर बसत नाही. अशा वेळी हात सैल सोडायचा प्रयत्न करू नका, तो दोन ओळींत मूळपदावर येतो. जाड सुई घ्या.

भोपळा आखताना सर्वांत जास्त चुका चौकोनी आलेख कागदामुळे होतात. कागदावरचा चौकोन चौरस असतो, टाका नसतो. तो रुंदीला ४.५ मिमी आणि उंचीला ३.३ मिमी भरतो. कागदावर ३१ टाके आणि ३१ ओळींचा गोल काढलात तर विणल्यावर तो १४ सेंमी रुंद आणि जेमतेम १०.३ सेंमी उंच होतो, म्हणजे कुणीतरी वर बसल्यासारखा दिसतो. आपल्याला ३१ टाके आणि ४२ ओळी हव्यात. रुंदीत २२ आणि उंचीत ३० घरांचा, बाहेरून अगदी चौरस असा तक्ता पट्टीनं आखून घ्या आणि तसाच पुढे वाढवा. मग कागदावर दिसेल तेच सुईवर उतरेल.

भोपळ्याचा तळ १५ टाक्यांचा. दोन्ही बाजूंनी सुलट ओळींत (स्वेटरची पुढची बाजू आपल्याकडे असते त्या ओळींत) वाढवत जा: ३ऱ्या ओळीत ३ टाके, ५व्या ओळीत २, ७व्या आणि ९व्या ओळीत १-१, मग १३व्या ओळीत १. झाले ३१. दर वेळी एकच टाका वाढवला तर गोलाई येत नाही, शंकरपाळी होते. २४व्या ओळीपर्यंत सरळ जा, ३६व्या ओळीपर्यंत उलट क्रमानं पुन्हा १५ वर या, उरलेल्या ६ ओळींत मधल्या ५ टाक्यांचं देठ. देठ थोडं वाकडं काढा, सरळ देठ खुंटीसारखं दिसतं.

पुढचा भाग: १० नंबरच्या सुयांवर ७१ टाके घाला, एक सुलट एक उलट अशी ५ सेंमी बॉर्डर विणा, ८ नंबरच्या सुया घेऊन १२ ओळी साध्या (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) विणा आणि मग २० टाके हिरवे, ३१ टाके आलेखातले, २० टाके हिरवे असं चालू ठेवा. भोपळ्याच्या दोन्ही बाजूंच्या हिरव्या भागांना वेगवेगळे गोळे लागतात. एकच हिरवा धागा मागून ओढत नेला तर भोपळा चुणतो आणि मुलाची बोटं त्यात अडकतात. रंग बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून वर घ्या, म्हणजे दोघांची गाठभेट होते. ही फिरकी राहिली की भोपळ्याच्या कडेला भोकांची रांग दिसते. ती नंतर सुईनं शिवता येते, पण कड कायमची ओबडधोबड राहते.

खिशाचं अस्तर आधीच विणून ठेवा: केशरी १५ टाके, २४ ओळी, शेवटच्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करून १३. आलेखाच्या ३०व्या ओळीत भोपळ्याचे मधले १३ टाके मोठ्या सेफ्टी पिनेवर काढा आणि त्यांच्या जागी अस्तराचे १३ टाके हळदी रंगानं विणून पुढे चला. भाग पूर्ण झाल्यावर पिनेवरचे टाके १० नंबरच्या सुईवर घेऊन एक सुलट एक उलट ३ ओळी विणा आणि सैल हातानं बंद करा. इथे हात आवळला तर खिशाचं तोंड चुरगळतं. हिरव्या रेषा विणू नका; ६, ११, २१ आणि २६व्या टाक्यावर, टाक्यावर टाका भरत सुईदोऱ्यानं काढा, आणि हे काम अस्तर शिवण्याआधी उरका, नाहीतर खिसाच शिवला जाईल.

म्हातारी म्हणजे बोटावरची बाहुली. १० नंबरच्या सुईवर १६ टाके: २ ओळी लाल काठ, ८ ओळी पोपटी लुगडं, ६ ओळी गव्हाळ चेहरा, ४ ओळी पांढरे केस. मग दोन-दोन टाके एकत्र विणून ८ करा, धागा ओवून आवळा आणि बाजू शिवा. ६ टाके आणि ३० ओळींची पोपटी पट्टी डोक्यावरून पदर म्हणून टाका. डोळे दोऱ्यानंच भरा. मणी किंवा बटण लहान मुलांच्या तोंडात जातं.

लोकर ॲक्रिलिक असेल तर इस्त्री लावू नका, वीण लोळागोळा होऊन चमकते. ओल्या टॉवेलवर पिना लावून वाळवा.

फोटोंचं खरं काम विकणं नव्हे, विणणाऱ्याला वाट दाखवणं. मुलगा घालून उभा आहे असा एक फोटो पुरतो. बाकीचे हवेत ते असे: सपाट पसरलेला स्वेटर, पट्टीसह, बरोबर वरून; भोपळ्याची उलट बाजू, जिथे फिरकी दिसते; पिनेवरचे टाके आणि शेजारी अस्तर, जोडण्याआधी; उघडा खिसा. अस्तर जोडायच्या टप्प्याचा फोटो विणतानाच काढावा लागतो, नंतर तो परत मिळत नाही.

फ्लॅश बंद. समोरून पडलेल्या उजेडात टाके सपाट दिसतात. उजेड एका बाजूनं, खालच्या कोनातून आला की प्रत्येक टाक्याला सावली मिळते. घरात खिडकीशी काढत असाल तर ट्यूबलाइट विझवा. दोन उजेडांच्या मिश्रणात हळदी रंगाची एक बाजू निळसर होते. फोन दीड-दोन मीटर मागे धरा आणि दुप्पट मोठं करून घ्या. जवळून काढलं की मधला भोपळा फुगतो आणि बाह्या लहान दिसतात.

वाईचा किंवा मेणवलीचा घाट पार्श्वभूमीला फार सुंदर आहे, पण काळ्या दगडाला कॅमेरा फसतो. सगळीकडे काळं दिसल्यानं तो चित्र उजळतो आणि हळदी रंग फिका पडतो. पडद्यावर भोपळ्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. पांढऱ्या चादरीवर याच्या उलट, उजेड वाढवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ घ्या. मुलालाही थंडी असते, स्वेटर खराच हवासा वाटतो. खालच्या ओल्या पायऱ्यांवर मुलाला उभं करू नका.

लोकर घेण्याआधीच दुकानात तिन्ही रंगांच्या लोकरीचे गोळे शेजारी ठेवून एक कृष्णधवल फोटो काढा. हळदी आणि हिरवा सारखेच करडे दिसले तर लांबून भोपळा दिसणार नाही, हिरवा आणखी गडद निवडा.

छापायला १५ सेंमी रुंद फोटोसाठी साधारण १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नमुना लिहिताना "सुई" हा शब्द ओळ या अर्थानं वापरू नका. "दोन सुया विणा" वाचून नवखी बाई गोंधळते. आलेखात सुलट ओळींचे आकडे उजवीकडे आणि उलट ओळींचे डावीकडे लिहा, कारण त्या ओळी त्याच बाजूने वाचायच्या असतात. शेवटी नमुना अशा एकीला विणायला द्या जिनं तुम्हाला विणताना पाहिलेलं नाही, आणि ती विणत असताना काही सांगू नका. ती ज्या ओळीवर थांबून विचारेल, ती ओळ पुन्हा लिहा.