कुत्र्याला चटईवर बसायला शिकवताय? या चुका टाळा

बेल वाजली की कुत्र्याने दारावर झेप न घेता आपल्या चटईवर जाऊन बसावं, असं घरोघरी वाटतं. मग पहिल्याच दिवशी बेल वाजवायची, चटईकडे बोट दाखवायचं आणि तो गेला नाही की ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळं व्हायचं! तो हट्टी नसतो. आपण एकदम शेवटची पायरी मागतो.

पूर्ण वर्तन दिसेपर्यंत खाऊ राखून ठेवणं, ही सर्वांत मोठी चूक. १९४३ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका पिठाच्या गिरणीत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतराला चोचीने चेंडू मारायला शिकवत होते. आधी ते चोच लागण्याची वाट बघत राहिले, काहीच घडेना. मग नुसतं चेंडूकडे बघितलं तरी दाणे मिळू लागले, नंतर त्याहून जवळच्या हालचालीला. काही मिनिटांतच चेंडू खोक्याच्या भिंतींवर आदळू लागला. साधक अभिसंधानातलं, म्हणजे परिणामांतून वर्तन शिकवण्याच्या पद्धतीतलं, शेपिंग ते हेच: हव्या वर्तनाकडे नेणाऱ्या प्रत्येक छोट्या पायरीला बक्षीस.

तुमच्याकडे आधी चटईकडे नजर, मग एक पाऊल, एक पंजा, चारही पंजे, बसणं, थांबणं. बेल अगदी शेवटी.

खाऊ उशिरा दिला तर भलतंच पक्कं होतं. तो बसला, तुम्ही डबा उघडेपर्यंत उठला, तर प्रबलन, म्हणजे वर्तन पक्कं करणारं बक्षीस, उठण्याला मिळालं. म्हणून त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, मग खाऊ द्या.

एकाच पायरीवर फार रेंगाळू नका, तो तिथेच अडकतो. पुढची मागितल्यावर थोडा वेळ भुंकेल, पंजे मारेल. तेव्हा खाऊ दिलात तर भुंकणंच शिकेल. सलग दोन-तीनदा चुकला, तर मात्र एक पायरी खाली या.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे चालतात. तर्री-पोह्यातलं काही नको, कांदा कुत्र्यांना विषारी असतो. आणि आजोबांनी जेवताना पोळीचे तुकडे टाकत राहिलं, तर चटईवर कोण जाईल?

नागपूरच्या मे महिन्यात सराव सकाळी लवकर आणि थोडाच वेळ घ्या. कूलर सुरू झाला की येत असलेलंही तो विसरल्यासारखा वागतो. आवाज नवा, म्हणून पायरी पुन्हा सोपी करा. चटई फुटाळा तलावावरच्या गर्दीत नेलीत, तर सुरुवात नुसत्या नजरेपासून.