इंजिन वर फिरवायचंय? आतल्या कामातल्या या चुका टाळा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या इंजिनांचे ढीग लागलेले असतात. त्यात कधीतरी कुशीला मुठीएवढं भोक पडलेला ब्लॉक दिसतो. आतला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणारा दांडा, तुटून तिथून बाहेर आलेला असतो. बघणारा म्हणतो, ‘जास्त ताकद काढली, म्हणून फुटलं.’ इतकी वर्षं इंजिनं उघडून आणि बांधून मला मात्र दिसलंय ते असं, की टर्बो नसलेलं, फक्त वर, म्हणजे जास्त आरपीएमला (मिनिटाला जास्त फेरे), फिरवलेलं इंजिन बहुतेक वेळा आतल्या भागांच्या स्वतःच्याच वजनाने तुटतं.

जुन्या एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम आणि रॉड १२० मिमी लांब धरला, तर ६५०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोचून परत फिरताना रॉडला साधारण ९४० किलोचा हिसका बसतो. ८००० ला तोच हिसका १४२० किलोच्या आसपास जातो. वेग सव्वापटही वाढलेला नाही, पण ओढ दीडपट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

पिस्टन नवे, बोल्ट जुने

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. डोंबिवलीचा एक मुलगा दुसऱ्या एका गॅरेजात बांधलेलं इंजिन घेऊन आला होता. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन, हेडचं काम, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), सगळं केलेलं. ‘दादा, वर नेलं की खालून आवाज येतोय,’ म्हणाला. सम्प (खालचं ऑइलचं भांडं) काढला, रॉडच्या खालच्या टोकाच्या कॅप सोडल्या आणि आठही रॉड बोल्ट पुसून टेबलावर ओळीने ठेवले. डोळ्यांना सगळे सारखे. मायक्रोमीटर लावला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एका बोल्टचा गळा बाकीच्यांपेक्षा ०.१ मिमी बारीक निघाला. नट हाताने फिरवला, तर अर्ध्यावर येऊन अडकला. बोल्ट ताणला गेला होता. अजून दोन-तीनदा जोरात ओढली असती, तर ते इंजिनही त्या ढिगात गेलं असतं.

स्फोटाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, तेव्हा रॉड दाबला जातो आणि ते त्याला सहज झेपतं. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी मात्र पिस्टनच्या डोक्यावर दाबच नसतो. वर निघालेल्या पिस्टनला अडवून परत खाली खेचायचं सगळं काम त्या दोन बोल्टांवर येतं. म्हणून बजेट अपुरं असेल तर मी सांगतो, आधी चांगले रॉड बोल्ट घ्या, पिस्टनचं नंतर बघू.

बोल्ट बदलले की काम संपलं, असंही नाही. दाबून बसवलेले बोल्ट काढून नवे घातले की कॅप किंचित सरकते आणि बिग एंडची, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या भोकाची, गोलाई बिघडते. ते भोक पुन्हा होन करून (बारीक दगडाने घासून) मापात आणावंच लागतं. कॅप रॉडपासून तडकवून वेगळी केलेली असेल, म्हणजे जोडावर खडबडीत दाणे दिसत असतील, तर ती घासायची नाही आणि दुसऱ्या रॉडवर चढवायचीही नाही. आवळतानाही बोल्टबरोबर दिलेलं वंगणच लावा. इंजिन ऑइल लावून तोच टॉर्क दिलात, तर घर्षण वेगळं पडतं आणि बोल्टवरचा खरा ताण बदलतो. जमलं तर बोल्ट किती लांबला ते स्ट्रेच गेजने मोजा. टॉर्क पान्याचा आकडा हा अंदाज आहे, लांबी हे माप आहे.

बोअरचं माप आणि मुंबईची हवा

‘फोर्ज्ड पिस्टन’ एवढं ऐकून खरेदी करू नका, मिश्रधातू विचारा. २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असतं, त्यामुळे तो मार सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो. त्याला बोअरमध्ये जास्त जागा द्यावी लागते आणि सकाळी थंड इंजिनात खडखड येते. ४०३२ मध्ये सिलिकॉन ११-१२ टक्के असतं, तो कमी फुगतो आणि घट्ट बसवता येतो. रोज सायन ते ठाणे जाणाऱ्या, टर्बो नसलेल्या गाडीला माझ्या मते ४०३२ पुरतो. कंपनीच्या पिस्टनचं क्लिअरन्स (बोअरमधली मोकळी जागा) फोर्ज्ड पिस्टनला देणं म्हणजे इंजिन सीझ (जाम) करायला ठेवणं. पिस्टन हातात येईपर्यंत बोअरिंग करूच नका. प्रत्येक पिस्टन मोजा आणि त्याच्या मापाने त्याचं सिलिंडर होन करा.

आणि पावसाळा. होन केलेला बोअर पेट्रोलने पुसून रात्रभर उघडा ठेवलात, तर जुलैत सकाळी त्यावर तांबूस गंज चढलेला असतो. शिवाय पेट्रोलने होनिंगची बारीक भुकटी नीट निघतही नाही. साबण आणि गरम पाणी घेऊन ब्रशने घासा, लगेच कोरडा करा आणि पांढऱ्या सुती फडक्याने पातळ ऑइल फिरवा. फडकं करडं येत राहील तोवर पुसत राहा. शेवटचं फडकं स्वच्छ आलं की ऑइलचा हात देऊन प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा.

वरची बाजू विसरणं

खालचं सगळं भक्कम केलं, पण व्हॉल्व्ह स्प्रिंगा जुन्याच राहिल्या, तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, वेळेवर बंद होत नाही आणि पिस्टन त्याला गाठतो. स्प्रिंग बदलताना पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर) तिचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे तपासा. एखादा मिलिमीटर मोकळा राहिलाच पाहिजे. मात्र गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातलीत तर कॅम लवकर झिजतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मोजायला पिस्टनवर मातीची गोळी चिकटवून हेड आवळा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढा आणि गोळी कापून तिची जाडी मोजा. इनटेकला साधारण २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हवी, कारण तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त लांबतो.

बाकीचं थोडक्यात सांगतो. चारही पिस्टन एका ग्रॅमच्या आत जुळवा. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोला. क्रँकपुलीमध्ये रबर असेल, तर ती काढून हलकी ॲल्युमिनियमची लावू नका. ते रबर क्रँकचा पीळ आणि थरथर शोषून घेतं. बेअरिंगला जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या) व्यासाच्या प्रत्येक इंचामागे इंचाचा एक हजारावा भाग मोकळा ठेवणं, हा जुना हिशोब आजही चालतो. आणि रेव्ह लिमिटर लावला म्हणून निर्धास्त राहू नका. तो फ्युएल किंवा स्पार्क तोडतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटरचं काही चालत नाही.

बांधून झाल्यावर आवाज आला तर

थंड असताना खडखड आणि तापल्यावर शांत, हे बहुधा पिस्टनचं क्लिअरन्स असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. तापल्यावर वाढणारी, ॲक्सिलरेटरबरोबर जड होणारी ठकठक मात्र बेअरिंगची असते. ७००० च्या वर ताकद एकदम मरते, फडफड होते आणि खाली आलं की सगळं पुन्हा ठीक, असं असेल तर आधी स्प्रिंगा बघा. जोरात चालवून आल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकला, तर तिथेच बंद करा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल फिल्टर फेकू नका. पत्रा कापा, आतला कागद उलगडा, पिळून उन्हात धरा. थोडी करडी चमक नव्या रिंगांची असते, ती चालते. लोहचुंबकाला न चिकटणारे तांबूस कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. मग गाडी टो करून आणा, चालवत आणू नका.