खाडीकाठचा भराव आणि खारबांध: परवानगीचा अर्ज कसा करावा

भरतीचे पाणी येते त्या जागेवर भराव टाकायचा किंवा बांध घालून ते पाणी बाहेर ठेवायचे, तर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची मंजुरी लागते. कोकणात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही अर्ज वर्षानुवर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात, कारण अर्जदार फॉर्म भरण्यापासून सुरुवात करतो. आधी कामाचा हेतू तपासायचा आणि मग नकाशा. हे दोन्ही जुळले तर बाकीचे कागद जमवता येतात. जुळत नसतील तर सल्लागाराची फी तेवढी वाया जाते.

इथली माहिती महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरती आहे आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेवर आधारलेली आहे. तिच्यात पुढे दुरुस्त्या होत आल्या आहेत, म्हणून अर्जाच्या वेळची ताजी प्रत हाताशी ठेवा. तुमच्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०१९ च्या नियमांनुसार मंजूर झाला आहे का, हेही पाहा. झाला नसेल तर ६ जानेवारी २०११ ची जुनी अधिसूचनाच लागू राहते आणि अंतराची सगळी गणिते बदलतात.

१. हेतू यादीत बसतो का?

भराव, बांध आणि समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक मार्ग बदलणे यांना मुळात मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधल्या पट्ट्यात, म्हणजे सीआरझेड-१ब मध्ये, बंदर, जेट्टी, धक्का, स्लिपवे, पूल, सागरी सेतू, संरक्षण खात्याची कामे आणि खांबांवरचा रस्ता यांसाठी परवानगी मिळू शकते. शास्त्रीय अभ्यास करून धूप रोखण्याची कामे आणि जलमार्गांची देखभालही त्यात येते. शेवटचा गट वाळूचे दांडे रोखण्याचा, भरतीचे पाणी आवरणाऱ्या दारांचा, पावसाळी गटारांचा आणि खारे पाणी आत शिरू नये म्हणून करायच्या बांधकामांचा.

घर, रिसॉर्ट, प्लॉटिंग, गोदाम यांतले काहीही या यादीत नाही. जेट्टीच्या नावाने भराव मागायचा आणि आराखड्यात मागे हॉटेलची जागा मोकळी सोडायची, ही युक्ती छाननीत पहिल्याच नजरेत कळते. खांबांवरच्या रस्त्याच्या बाबतीत तर अधिसूचनेतच लिहिले आहे की त्या रस्त्याचा आधार घेऊन जमिनीच्या बाजूला विकास करता येणार नाही.

हेतू यादीत असला तरी अभ्यास कच्चा असून चालत नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी ३० डिसेंबर २०१५ ला अधिसूचनेत खास दुरुस्ती झाली होती, तरी मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ ला त्याची सीआरझेड मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे सरकले. महापालिकेला वरच्या न्यायालयात जाणे परवडले. गावच्या मच्छीमार सोसायटीला परवडणार नाही.

शेतात खारे पाणी येते म्हणून बांध हवा असेल, तर खाजगी अर्ज करू नका. आधी जलसंपदा विभागाच्या खारभूमी यंत्रणेकडे जा; रायगडच्या शेतकऱ्यांना पेणचे विभागीय कार्यालय परिचयाचे आहे. महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ खाली तुमच्या गावाची योजना नोंदलेली असेल, तर सीआरझेडचा अर्ज विभागच करतो. तुम्ही द्यायचे ते असे: ग्रामसभेचा ठराव, लाभक्षेत्रातल्या गट नंबरांची यादी, सातबारे, खांड पडली (बांध फुटला) त्या दिवसाचा तलाठ्याचा पंचनामा आणि तारखेचे फोटो.

२. जागा कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे समुद्राचा, खाडीचा आणि बंदराचा भरतीरेषेखालचा तळ शासनाचा आहे. समोरची जमीन तुमच्या नावावर असली तरी पाण्यातल्या जागेवर हक्क येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज लागतो. जागा छोट्या बंदराच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा ना-हरकत दाखला, मोठ्या बंदराच्या हद्दीत असेल तर त्या बंदर प्राधिकरणाचा. हे दाखले सीआरझेडच्या अर्जाबरोबरच मागायला लागा, नाहीतर एकाची वाट पाहता पाहता दुसऱ्याची मुदत संपते.

३. नकाशात जागा कुठे पडते?

खाडीचे पाणी जिभेला गोडसर लागते म्हणून जागा सीआरझेडबाहेर असे नसते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारी ५ भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर भरतीचा प्रभाव धरतात. २०१९ च्या नियमांत खाडीच्या काठाने ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांतला जो कमी तो पट्टा सीआरझेडमध्ये येतो. २०११ मध्ये हा आकडा १०० मीटर होता. खुल्या समुद्राच्या काठी पट्टा भरतीरेषेपासून ५०० मीटरचा.

जुन्या खारबांधांसाठी एक तरतूद फार मोलाची आहे. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांध किंवा उघाडी (बांधातले पाणी सोडायचे झडपेचे दार) अस्तित्वात असेल, तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, मागच्या शेतात शिरत नाही. मात्र बांध फुटून आत खारे पाणी गेले आणि तिथे कांदळवन उगवले, तर तेवढे क्षेत्र सीआरझेड-१अ, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा गट ठरते आणि विकासकामासाठी वळवता येत नाही.

हे घडते कसे, तेही पाहून ठेवा. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरती लागली की बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. झडपेच्या चौकटीत एखादा ओंडका अडकला किंवा गाळ साचला की ती हातभर उघडीच राहते. दर उधाणाला थोडे थोडे खारे पाणी आत येते आणि पहिल्या वर्षी नुसता भात पिवळा पडतो. बांधाच्या अंगात खेकड्यांनी केलेली बिळे पाझरू लागतात, त्यांच्या वाटा रुंदावतात आणि एखाद्या पावसाळी उधाणात खांड पडते. दुरुस्ती दोन-तीन हंगाम रखडली की भरतीबरोबर तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची बीजे येऊन रुजतात. मग सातबाऱ्यावर तुमचे नाव आणि पीकपाहणीत भात असला तरी जागेवर उभे असलेले झाड नियम ठरवते. खांड पडली की त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

बांध १९९१ पूर्वीचा आहे हे तोंडी सांगून भागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, खारभूमी विभागाची योजना नोंद आणि जुने फेरफार जोडा. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे १९९१ पूर्वीच्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी: खाडीकाठच्या त्या गटात सलग भाताची नोंद असेल, तर बांधाशिवाय ते पीक आलेच नसते.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथल्या खाजन जमिनींना, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांना, अधिसूचनेत वेगळे संरक्षण आहे. बांध आणि मानशी (तिथल्या उघाड्या) सांभाळायच्या. खाजन बुजवून बांधकामाला जागा काढायचा विचार सोडून द्या.

४. पातळ्यांचा घोळ

तांत्रिक कागदांत हमखास होणारी चूक इथे आहे. भरतीच्या कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे समुद्री नकाशाच्या शून्यापासून मोजलेली असते, तर जमिनीच्या मोजणीतली सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. कोष्टकात ४.९ मीटरचे उधाण लिहिले असेल, तर जमिनीच्या मापात ते साधारण २.४ मीटर. हे विसरून बांधाचा माथा ठरवला तर तो अडीच मीटर जास्त उंच तरी होतो किंवा पाण्याखाली तरी जातो. प्रत्येक आकड्यापुढे शून्य कोणते ते लिहा आणि दोन्हींचा संबंध दाखवणारी एक ओळ नकाशावर टाका.

माथा ठरवताना सर्वांत मोठे उधाण, त्यावर लाटेची चढण आणि मग बांधाचे खचणे धरा. खाडीच्या मऊ चिखलावर नवा बांध पहिल्या दोन-तीन वर्षांत चांगलाच बसतो. मातीची तपासणी न करता दिलेला आराखडा परत येतो.

५. जोडायचे कागद

- अधिसूचनेच्या परिशिष्टातल्या नमुन्यात प्रकल्पाचा तपशील
- १:४००० प्रमाणाचा सीआरझेड नकाशा, केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून. चेन्नईचे राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आणि अण्णा विद्यापीठाची दूरसंवेदन संस्था त्यांपैकी आहेत
- त्याच नकाशावर बसवलेला कामाचा आराखडा, हद्द आणि वर्गवारीसह
- भोवतालच्या ७ किलोमीटर त्रिज्येच्या परिसराचा सीआरझेड नकाशा
- पर्यावरण आघात अहवाल, समुद्री आणि जमिनीवरचे असे दोन्ही भाग असलेला
- जोखीम आणि आपत्ती व्यवस्थापन आराखडा
- सांडपाणी सोडणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती

नकाशाचे काम सर्वांत आधी द्या. वेळ त्यालाच लागतो. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा कितीही नेटका असला तरी इथे चालत नाही. प्रवाह बदलणारे काम असेल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेकडून पाण्याच्या प्रतिकृतीचा अभ्यास करून घ्या. बांधामुळे समोरच्या काठावर धूप वाढेल का आणि गावाचे पावसाळी पाणी कुठून निघेल, हे दोन प्रश्न छाननी करणाऱ्या समितीत ठरलेले आहेत. मासेमारीच्या होड्यांची वाट आणि जाळी सुकवायच्या जागा नकाशावर तुम्हीच दाखवल्यात, तर पुढे हरकतींचा गठ्ठा हलका होतो.

६. अर्ज कुठे आणि पुढे काय

अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ऑनलाइन होतो. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण तो तपासून शिफारस करते. सीआरझेड-१ आणि सीआरझेड-४ (ओहोटीरेषेपलीकडचे पाणी) यांमधली कामे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, पण धूप रोखण्यासारख्या छोट्या कामांची वाटणी दुरुस्त्यांनी बदलू शकते. तेवढे आधी पाहा. प्राधिकरणाला ६० दिवसांची मुदत आहे, तीही अर्ज परिपूर्ण झाल्यापासून. एक नकाशा अपुरा म्हणून त्रुटीपत्र आले की मोजणी सुरूच झालेली नसते. प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरीही लागत असेल, तर दोन्ही एकत्र मागा.

७. तिवर असतील तर

कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडणे पूर्ण बंद आहे, जमीन खाजगी असली तरी. सार्वजनिक हिताच्या कामालाही उच्च न्यायालयाची वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि जागा वन म्हणून नोंदलेली असेल तर वन संवर्धन कायद्याखालची मंजुरी वेगळी. तोडलेल्या क्षेत्राच्या किमान तिप्पट लागवड करावी लागते. शक्य असेल तर आखणीच थोडी सरकवा. दोन-चार झाडे वाचवायला बांधाला एक वळण देणे या सगळ्यापेक्षा स्वस्त पडते.

८. भराव कशाचा?

एक हेक्टरवर दोन मीटर भराव म्हणजे २०,००० घनमीटर. सहा घनमीटरच्या डंपरने ३,३०० च्या वर फेऱ्या, खचण्याची भर वेगळी. एवढा मुरूम कुठून येणार हे अर्जात सांगावे लागते. उत्खननाला गौण खनिजाचा परवाना आणि स्वामित्वधन लागते. विनापरवाना उचल सापडली तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. शहरातला राडारोडा फुकट मिळतो म्हणून टाकू नका, किनाऱ्यावर तो टाकायला स्पष्ट मनाई आहे.

९. मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीपत्रातली मुदत आणि अटी दोन्ही वाचा. अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि ३१ डिसेंबरला द्यायचा असतो. मंजुरीविरुद्ध किंवा नकाराविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत दाद मागता येते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते. म्हणून मंजुरीपत्र हाती पडले त्याच दिवशी यंत्रे उतरवू नका. मातीकाम दिवाळीनंतर सुरू करून पहिल्या पावसाआधी समुद्राकडच्या अंगाला दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) पूर्ण होईल एवढेच क्षेत्र एका हंगामात हाती घ्या, आणि बांधाची शेवटची तोंडमिळवणी उधाणाला न करता भांगाच्या दिवसांत करा, कारण तेव्हा पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते.